पाचवं घर

माझ्या रिक्षाच्या मागच्या काचेवर काय लिहिलंय ते आधी वाचा, मग बसा. 'मल्हारी बिडकीनकर आणि पार्टी'. अन् त्याच्याखाली बारीक अक्षरात, 'झील : गोकुळ'. तो गोकुळ म्हणजे मी. मोठा गाणारा ओळ सोडतो अन् मागचे ती उचलून धरतात, म्हणजे त्याला दम खायला उसंत मिळते. त्याला झील धरणं म्हणतात. सव्वीस वर्षं मी नानांची, म्हणजे ह्या मल्हारींची, ओळ उचलली. एकदा बी खाली पडू दिली नाय.

पोरं रिक्षात बसतात अन् विचारतात, "काका, कोण हे मल्हारी?" माझं डोकं फिरतं, खोटं कशाला सांगू. अरे बाबांनो, तुमच्या बापाला विचारा! ९१ साली नानांची पहिली कॅसेट निघाली, धनगरी ओव्यांची, खंडोबाची. त्या साली लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याच्या ढिगापाशी तीच कॅसेट, रसवंतीवर तीच, ट्रॅक्टरवर तीच. शहरात गुलमंडीच्या बाजारात कॅसेटवाल्यानं दुकानाबाहेर कर्णा लावला, तं शेजारचा साडीवाला भांडायला आला. म्हणे, माझं गिऱ्हाईक साडी हातात धरून तुझं गाणं ऐकत उभं राहतं, घेत काहीच नाय. नानांचा आवाज असा होता. अजून बी हाये, फक्त गुडघे राहिले नाहीत.

त्या पहिल्या कॅसेटच्या आधी नानांनी देवाला एक शब्द दिला होता. मार्गशीर्ष लागला की चंपाषष्ठीपर्यंत सहा दिवस खंडोबाचं नवरात्र असतं. आमच्यात त्याला सट म्हणतात, अन् शेवटच्या षष्ठीच्या दिवसाला बी सटच. त्या सहा दिवसांत रोज अनवाणी पाच दारी जायचं. हातात कोटंबा, म्हणजे देवाचं लाकडी चौकोनी भांडं. दारात येळकोट करायचा अन् मूठभर पीठ मागायचं. वारी मागणं म्हणतात त्याला. मग त्या पिठाचा रोडगा, म्हणजे जाड भाकर, सटीला देवापुढं. नाना म्हणले होते, "देवा, नाव झालं तरी दरसाल पाच दारी हात पसरीन. म्हणजे डोक्यात हवा जायची नाय." अन् नाव झालं. ९३ साली नाना गुलमंडीवर वारी मागायला उभे राहिले, तं दुकानदार गल्ल्यावरून उठून बाहेर आले. एकानं माणूस पळवून घरून पीठ आणवलं. पाया पडायला रांग लागली होती, मी स्वतः उभा होतो तिथं. तवा कुणाच्या तोंडून 'भीक' असा शब्द निघाला नाय.

आता पैशाचं सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरच घडलं.

कंपनीवाले कॅसेटला एकदाच पैसे द्यायचे, मग लाख विकल्या तरी नानांना छदाम नाय. म्हणून २००४ साली नानांनी स्वतःच्या खर्चानं पाच हजार कॅसेटी काढल्या. अन् त्याच साली लोकांनी कॅसेटीचे डबे अडगळीत टाकले, सगळ्यांच्या घरी सीडी आली. चार हजार कॅसेटी नानांच्या घरात पडून राहिल्या. आम्ही पार्टीतले सात जण. आमची बिदागी राहिली होती, पण कुणी मागितली नाय. नानांनी बिडकीनजवळची तीन एकर विकली अन् एकेकाच्या घरी जाऊन, हातात ठेवून आले. माझ्या हातात बारा हजार दिले, म्हणले, "गोकळ्या, गाण्यावर पोट भरायचे दिवस गेले. रिक्षा घे." ही रिक्षा नाय, हिच्या आधीची. पण हिचं मूळ तेच. पुढं तिथं कारखाने आले अन् त्या जमिनीचे करोडो झाले. नाना एकदा बी हळहळले नाहीत. मीच रात्रंदिवस हळहळतो.

आज नाना बिडकीनच्या अलीकडं आमच्या मूळ वाडीत राहतात, मी रिक्षापायी शहरात. पत्र्याचं घर, तीस मेंढरं, कुणी जागरणाला बोलावलं तं जातात. लाईटबिल थकतं, गुडघ्याच्या गोळ्या कधी आणतात, कधी नाय. अडचण हाये, मी नाकारत नाय. पण लाचारी? नाव काढू नका.

तं गेल्या साली, २०२५ला, सटीच्या दुसऱ्या दिवशी स्टेशनवर एक पोरगा माझ्या रिक्षात बसला. सत्तावीस-अठ्ठावीसचा, पाठीला बॅग, हातात कॅमेरा. मागची काच वाचून म्हणाला, "हे मल्हारी बिडकीनकर अजून आहेत?"

आता मला अजून काय पाहिजे? पहिल्यांदा कुणी नीट विचारलं होतं. "हायेत म्हणजे? चला, आत्ता दाखवतो!" नाव म्हणे मिहिर, मोबाइलवर बातम्यांचं चॅनल चालवायचा. एवढ्या लांब नेलं, भाडं घेतलं नाय. वाटेत रसाचा गिलास पाजला. म्हणलं, "साहेब, तुमचं नशीब बघा, आज नाना वारीला निघतात, थाट बघा नुसता!" वारी म्हणजे काय, कोटंबा म्हणजे काय, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाय. खंडोबाची वारी कुणाला सांगावी लागते का? वाटलं, ह्या मातीतला पोरगा, जाणत असंल. इथंच माझं चुकलं.

त्यानं सगळं काढलं. नाना अनवाणी चालताना. दारात उभे. कोटंब्यात पडणारं पीठ. घर, पत्रा, चुलीच्या धुरानं डोळ्यात आलेलं पाणी. "गाऊन दाखवा ना," म्हणाला. नाना म्हणले, "बाबा, आमची ओवी एकट्याची नसते, झील लागते. अन् सहा दिवसांची वारी पुरी होईस्तोवर मी गात नसतो." मी पुढं झालो तं नानांनी डोळ्यानंच थांबवलं. दुपारी त्याला परत आणलं अन् समर्थनगरात त्याच्या बिल्डिंगखाली सोडलं. त्याही फेरीचं भाडं घेतलं नाय. वर त्याच्याशी हात मिळवला!

चौथ्या दिवशी संध्याकाळी माझ्या बायकोनं, रत्नमालानं, मोबाइल माझ्यापुढं धरला. "अहो, हे नाना ना?"

मथळा होता, 'एकेकाळचा ओवीसम्राट आज दारोदार भीक मागतोय!' मागं रडकं म्युझिक. 'करोडोंची जमीन व्यसनात उधळली?' पुढं प्रश्नचिन्ह लावलं की झालं, काय बी लिहायला मोकळे. 'आवाज गेला, मुलानंही टाकलं.' डोळ्यातलं ते धुराचं पाणी मोठं करून तीनदा दाखवलं. सकाळपर्यंत दोन लाख लोकांनी बघितलं. दोन-चार पोर्टलांनी तेच उचललं, एका पेपरनं तेच छापलं. एकानं बी नानांना फोन करून विचारलं नाय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्यसन! ज्या माणसानं चहाशिवाय काही तोंडाला लावलं नाय, त्याला व्यसन? नानांचं व्यसन म्हणजे आम्ही सात जण. ती जमीन आमच्या घरात गेलीय, माझ्या पोरांच्या पोटात गेलीय. हे कुणाला ओरडून सांगू? अन् त्या पोराला वाजतगाजत घेऊन कोण गेला होता, तं मी. दोन दिवस वाडीकडं फिरकलो नाय, तोंडच नव्हतं.

पुढचं मला नंतर समजलं. पाचव्या दिवशी नाना कोटंबा घेऊन निघाले, तं लोकांची नजर बदललेली. कुणी शंभराची नोट टाकली. कुणी, "आजोबा, जेवण आणू का?" म्हणलं. कुणी कॅमेऱ्याच्या भीतीनं दारच लावलं. नाना नोट काढून परत द्यायचे अन् म्हणायचे, "मूठभर पीठ घाला, बाई." पाच घरांसाठी त्या दिवशी नऊ दारं फिरले. कुठलं तरी मंडळ किराण्याचं पाकीट अन् बॅनर घेऊन फोटो काढायला आलं. नानांनी त्यांना चहा पाजला अन् पाकीट परत दिलं. म्हणले, "ज्याला लागतंय त्याला द्या."

नानांचा पोरगा रामप्रसाद बिडकीनच्याच एका कंपनीत कामाला. त्याचं दुःख वेगळंच. कँटीनमध्ये एकानं आपलं उरलेलं ताट त्याच्यापुढं सरकवलं अन् म्हणाला, "वडलांना घेऊन जा." रामप्रसाद तसाच उठून घरी आला अन् बापापुढं रडला. "बाबा, उद्या जाऊ नका. मी हात जोडतो. देवाला आपण विकतच्या पिठाचा रोडगा करू. मला तोंड दाखवायला जागा उरली नाय."

नाना म्हणले, "चौतीस सटी झाल्या, ही पस्तिसावी. तेव्हा लोक पाया पडायचे म्हणून मागितलं, अन् आता हसतात म्हणून सोडलं, तं मी देवाला काय दिलं रं?"

सहाव्या दिवशी, सटीला, सकाळी आठच्या सुमाराला मला फोन आला. नाना. "रिक्षा घेऊन ये."

गेलो. नाना ओट्यावर बसले होते, पांढरा फेटा, कपाळभर भंडारा, मांडीवर कोटंबा. मी आधीच पायावर डोकं ठेवलं. "नाना, मीच आणला होता त्याला."

"माहितीय की. पाव्हणा आणलास, ते बरोबर केलंस. त्याला काही सांगितलं नाहीस, तेवढं चुकलं," नाना म्हणले. "ऐक. चार घरं झाली. पाचव्या घरी बाईनं पाचशेची नोट टाकली अन् डोळे पुसत आत पळाली. ती वारी मोजता येत नाय. पाचवं घर राहिलंय. उन्हं डोक्यावर यायच्या आत मिळालं तं रोडगा होईल, नाय तं यंदाची सट मोडली."

"मग कुणाकडं जायचं? माझ्याकडं चला, रत्नमाला वाट बघतेय!"

"नाय. तू पार्टीतला, घरचा माणूस. घरच्याकडं मागत नसतात. त्या पोराचं घर तुला ठाऊक हाये ना?"

मला एकदम हुरूप आला. म्हणलं, आता मजा येईल, बिल्डिंगीत उभं राहून अशा शिव्या घालतो की बस्स! नानांनी माझ्याकडं बघितलं अन् म्हणले, "तुझं तोंड बंद ठेवायचं. मी मागायला चाललोय, भांडायला नाय."

समर्थनगरात लिफ्टनं दुसऱ्या मजल्यावर गेलो. नाना कोटंबा छातीशी धरून, अनवाणी. त्या चकचकीत फरशीवर त्यांच्या पायाची धूळ उमटत होती अन् मला, सांगू का, त्या धुळीचा बी अभिमान वाटला. दाराशी उभं राहून नानांनी आवाज दिला, "येळकोट येळकोट, जय मल्हार! वारी खंडोबाची!"

सगळा जिना घुमला. आवाज गेला म्हणे!

दार एका बाईंनी उघडलं. साठीच्या आतबाहेर, जरीकाठाची साडी, हाताला काळं लागलेलं. आतून वांगं भाजल्याचा खमंग वास आला अन् मी चमकलो. सटीला वांग्याचं भरीत कुणाकडं होतं? ज्यांच्या घरचा देव खंडोबा, त्यांच्याकडं!

बाईंनी कोटंबा बघितला अन् पदर डोक्यावर घेतला. "अगंबाई! या, या ना! थांबा हं, तसंच येऊ नका, पायावर पाणी घालते." धावत तांब्या आणला, नानांच्या पायावर पाणी घातलं, आपल्या पदरानं पाय पुसले अन् आतून पिठाची वाटी आणली. "सासरे होते तोवर आमच्याकडे दर वर्षी वारी यायची. बारा वर्षांनी आज दारात येळकोट ऐकला. मी भानुमती. मिहिर! ए मिहिर, बाहेर ये आधी, नमस्कार कर!"

मिहिर कानात वायरी घालून बाहेर आला अन् नानांना बघून पांढराफटक पडला.

"आपल्या देवाची वारी आली आहे, बघतोस काय?" आई म्हणाल्या. "तुम्ही ओळखता का एकमेकांना?"

मी तोंड बंद ठेवलं होतं. देवाशप्पथ ठेवलं होतं. पण समोर भिंतीवर एक फोटो होता. आठ-नऊ वर्षांचं पोर, डोक्याचा गोटा, हातात काठी, खांद्याला झोळी, अन् बाया त्या झोळीत तांदूळ घालतायत. मी विचारलं, "बाई, हा फोटो कुणाचा?"

"मिहिरच्या मुंजीतला. भिक्षावळ घालतानाचा. पहिली मूठ माझीच होती," त्या कौतुकानं म्हणाल्या.

झालं, माझा बांध फुटला. "म्हणजे हा मागतोय व्हय! मग मिहिरभाऊ, ह्याला मथळा काय देऊ या? 'बामणाच्या पोरावर दारोदार भीक मागायची वेळ'? अन् खाली रडकं म्युझिक?"

"गोकळ्या!" नाना गरजले. मी गप्प झालो, पण समाधानानं गप्प झालो.

भानुमतीबाईंना काही कळेना. मिहिरनं स्वतःच मोबाइल काढला अन् आईच्या हातात दिला. एवढं मात्र त्याचं मानलं पाहिजे, लपवलं नाय. बाई तिथंच उभ्या राहून बघत होत्या. एका हातात पिठाची वाटी, दुसऱ्या हातात मोबाइल. सगळं संपेपर्यंत बघितलं. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुझ्या झोळीत मी तांदूळ घातले तेव्हा तू भिकारी होतास का रे?"

पोराचे डोळे भरले. हे काही धुराचं पाणी नव्हतं.

नानाच पुढं झाले. "बाई, रागवू नका पोरावर. त्याला कुणी सांगितलंच नाय, त्यात आमच्या ह्या शहाण्याची बी चूक हाये. येळ चाललीय, मूठ घाला. अन् एक मूठ त्याच्या हातची."

बाईंनी बाजरीचं पीठ घातलं. मग मिहिरनं त्याच वाटीतनं मूठ भरली अन् कोटंब्यात सोडली. थोडं पीठ फरशीवर सांडलं, ते बी त्यानं बोटांनी गोळा करून घातलं. नानांनी त्याच्या कपाळाला भंडारा लावला. "झाली पाच," म्हणले, अन् माझ्याकडं बघून त्यांनी ओळ सोडली.

वारी पूर्ण झाली की गाता येतं. नानांनी त्या चौकटीत उभं राहून ओवी धरली, अन् मी झील. वरच्या-खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात जमले. वरच्या पट्टीला आवाज थोडा घासला, पण ओळ अशी सुटली की माझ्या अंगावर काटा आला. एक म्हातारे खालून ओरडले, "अहो, हे कॅसेटवाले मल्हारी!" मी म्हणलं, ऐका! ओळखलं की नाय!

मिहिरचा हात खिशातल्या मोबाइलकडं गेला अन् तिथंच अडला. नाना म्हणले, "काढ की. पण पुरं काढ. मधूनच कापू नको."

ओवी संपली तेव्हा मिहिर म्हणाला, "आजोबा, तो पहिला व्हिडिओ मी आत्ताच्या आत्ता काढून टाकतो."

"नको काढू," नाना म्हणले. "काढलास तं लोक म्हणतील म्हाताऱ्यानं दबाव आणला. राहू दे. त्याच्याखाली एवढंच लिही, पाचवं घर तुझं होतं म्हणून."

निघताना जमिनीचं खरं काय ते मी मिहिरला सांगितलं, अन् उन्हं डोक्यावर यायच्या आत वाडीत पोचलो. रोडगा झाला, भरीत झालं. रामप्रसाद एका कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला होता. थोड्या वेळानं उठला, अन् बापाच्या हातातला कोटंबा घेऊन पुसून देव्हाऱ्यापाशी ठेवला. नंतर कळलं, त्यानं ते मिहिरचं लिहिलेलं स्वतः कंपनीच्या ग्रुपवर टाकलं होतं. ताट सरकवणारा बी त्याच ग्रुपवर हाये.

नानांनी रोडग्याचा पहिला तुकडा मोडून डब्यात भरला अन् मला म्हणले, "त्या पोराला पोचवून ये." मी पोचवला. अन् ह्या खेपेला भाडं मागितलं, आधीच्या दोन फेऱ्यांसकट. त्यानं मोजून दिलं. मी ते नानांच्या लाईटबिलात भरलं. नानांना सांगू नका.

तो व्हिडिओ अजून तिथंच हाये. बघायचा तं बघा, रिक्षा सुरू करेपर्यंत होईल. मथळा तोच, रडकं म्युझिक तेच. खाली त्यानं लिहिलंय, 'ही भीक नव्हती, खंडोबाची वारी होती. जमीन विकली ती साथीदारांचे पैसे द्यायला. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. सटीच्या दिवशी त्यांना चार घरं मिळाली होती. पाचवं घर माझं होतं.'